शॉट नको, कारण उचल

प्रिय,

तुझ्या भयपटाचा कट, म्हणजे शॉट जोडून केलेली कच्ची आवृत्ती, पाहिला, सोबतचा मेलही वाचला. मेल कटपेक्षा लांब आहे, हे आधी नोंदवून ठेवते.

एक मित्र म्हणाला, जुन्या भयपटांतून घेतलेले हे संदर्भ म्हणजे सरळसरळ उचलेगिरी आहे. दुसरा म्हणाला, ही आदरांजली आहे, उलट आणखी चार संदर्भ पेर, जाणकार खूश होतील. तू दोघांचंही ऐकून घेतलंस आणि आता मला विचारतेस, "सगळे संदर्भ काढून टाकू का?" अगं, काढून टाकलेस तर उरेल काय? पांढऱ्या मुखवट्याचा माणूस, स्वयंपाकघरातली सुरी, मुखवट्याआडचा श्वास, सिंथवरची (सिंथेसायझरवरची) तीच ती धून, पडद्यावर मुद्दाम पाडलेले ओरखडे आणि शेवटी एकटी उरलेली मुलगी. यातली प्रत्येक गोष्ट कुठून आली ते मी सनासकट सांगेन. ती तुझ्याकडे का आली, हे मात्र कट बघून कळत नाही. तुलाही सांगता येईल की नाही, शंका आहे.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस. शॉट उचलू नकोस. तो शॉट ज्या कारणातून आला ते कारण उचल.

तुझ्या सव्वा मिनिटाच्या सुरुवातीपासूनच बघू. कॅमेरा म्हणजे खुनी. झुडपाआडून खिडकी, खिडकीतून मुलगी, मग दार, जिना, सुरी. जॉन कारपेंटरचा 1978 चा 'हॅलोवीन' तुझ्या डोळ्यांसमोर होता, हे शेंबडं पोरही सांगेल. आता त्याची सुरुवात परत लाव आणि नुसतं बघू नकोस, प्रश्न विचार. सगळं खुन्याच्या डोळ्यांतून का दाखवलंय? कारण त्याला खुन्याचं वय लपवायचंय. घराबाहेरून आत, स्वयंपाकघरात ड्रॉवरमधून सुरी, वर जाताना जमिनीवरचा मुखवटा उचलून चेहऱ्यावर, आणि मग आपण दोन भोकांमधून बघायला लागतो. खून होतो, तो खाली येतो, बाहेर आईवडील गाडीतून उतरतात, वडील मुखवटा काढतात, आणि तेव्हाच कॅमेरा पहिल्यांदा समोरून बघतो. विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा मुलगा, हातात सुरी. त्या लांबलचक शॉटचं सगळं भांडवल या एका क्षणासाठी जमवलेलं आहे. त्यात दिसणारा सुरी उचलणारा हात डेब्रा हिलचा, म्हणजे चित्रपटाच्या सहलेखिकेचा आणि निर्मातीचा आहे, कारण तो छोटा नट शेवटी शेवटीच मिळणार होता. हा अडचणीतून काढलेला मार्ग, पण युक्ती टिकते, कारण चेहरा दिसूच नये अशीच तिची मांडणी होती.

तुझ्या कटमध्ये दुसऱ्याच प्रसंगात खुनी पूर्ण दिसतो. उंच, धिप्पाड, तसाच जसा वाटला होता. मग त्या सव्वा मिनिटात तू माझ्यापासून काय लपवत होतीस?

यावर तू म्हणशील, खुन्याची नजर सगळेच वापरतात. वापरतात ना! पण प्रत्येकाचं कारण निराळं आहे. बॉब क्लार्कच्या 1974 च्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये ती नजर माळ्यावर चढते आणि तिथेच राहते. तो माणूस कोण हे आपल्याला शेवटपर्यंत नीट दिसत नाही, दाराच्या फटीतला एक डोळा सोडला तर. फोन घरातूनच येत होते हे कळल्यावरही तो अनोळखीच उरतो. तिथे नजर दाखवली, कारण माणूस दाखवायचाच नव्हता. त्याआधी, 1960 मध्ये, मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम'. त्यातला खुनी हातात कॅमेरा घेऊनच मारतो आणि मरणाऱ्या बाईचा चेहरा चित्रित करतो. त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण बघतो तेव्हा प्रश्न असा येतो की ही रिळं बघायला तो बसतो, पण आपण का बसलोय? ब्रिटिश समीक्षकांनी त्या चित्रपटावर अशी काही झोड उठवली की मायदेशात पॉवेलची कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही. लोकांना तो शॉट झोंबला नव्हता, त्यामागचं कारण झोंबलं होतं.

तीन चित्रपट, दिसायला एकच युक्ती. एकानं वय लपवलं, एकानं माणूसच लपवला, एकानं प्रेक्षकाला पकडलं. चौथी तू. तू काय केलंस? तू 'हॅलोवीन' आवडतो हे सांगितलंस. आवड सांगायला चित्रपट कशाला लागतो?

रागावू नकोस. तू मेलमध्ये ज्या चित्रपटाचा उल्लेख ओझरता केलास, त्याच्याचकडे परत जा. ख्रिस नॅशचा 2024 चा 'इन अ व्हायोलेंट नेचर'. "संथ आहे, पण आवडला" इतकंच लिहिलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांना मी या प्रकारच्या चित्रपटांवर बोलताना कधीच सांभाळून घेत नाही, तू तर पाहिलायस.)

गोष्ट शंभरदा ऐकलेली. जंगलात आलेली पोरं, पडक्या मनोऱ्यात लटकलेलं एक लॉकेट, ते कुणीतरी खिशात घालतं, आणि जमिनीखालून जॉनी, म्हणजे खुनी, उठतो. 1980 च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'पासून चालत आलेला सगळा सरंजाम. नॅशनं त्यातलं काहीही नाकारलं नाही. फक्त एक प्रश्न विचारला: त्या चित्रपटांत दोन खुनांच्या मध्ये खुनी काय करत असतो? उत्तर आहे, चालतो. म्हणून कॅमेरा त्याच्या पाठीमागे लागतो आणि चालत राहतो. झाडं, पाचोळ्याचा आवाज, चौकोनी फ्रेम, मध्यभागी ती रुंद पाठ. आपण त्याच्या डोळ्यांतून बघत नाही, त्याच्या मागून बघतो. हा फरक लहान वाटतो, पण खुन्याच्या नजरेतला शॉट जे करतो त्याच्या नेमकं उलट तो करतो. डोळ्यांतून बघताना त्याचा हेतू आपला होतो. पाठीमागून बघताना हेतू कळतच नाही, फक्त दिशा कळते.

शेकोटीचा प्रसंग आठव. एरवी अशा चित्रपटात शेकोटीभोवती बसून कुणीतरी जुनी दंतकथा सांगतं आणि कॅमेरा त्यांच्यात बसलेला असतो. इथे तीच कथा सांगितली जाते, पण आपण जॉनीबरोबर अंधारात, लांबून, त्यांच्याभोवती फिरत असतो. त्याचीच गोष्ट, त्याच्याबद्दल, आणि ती आपल्यापर्यंत तुटक तुटक येते. लेखकाला माहिती द्यायची होती ती दिली गेली. पण आता ऐकणारा कोण आहे हे बदललंय. मी त्या जागी थांबवून मागे नेऊन परत पाहिलं, कारण संकलक म्हणून माझा हात तिथे कट मारायला शिवशिवत होता आणि तो कट तिथे नाही. नसलेला कट दिसायला लागला की समज तू शिकायला लागलीस.

आता संगीत, कारण तुझ्या कटवर माझा सगळ्यात मोठा राग तिथे आहे.

'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये खुनी शेवटाकडे येईपर्यंत दिसतच नाही. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीनं म्हणून ठरवलं की खुनी जवळपास असेल तेव्हाच संगीत वाजेल. पडद्यावर नसलेल्या माणसाची हजेरी कानांनी लावायची. त्या संगीतातल्या कुजबुजत्या आवाजाची नक्कल जगानं केली, पण तो कुणाच्या जागी वाजत होता हे फार थोड्यांनी पाहिलं. आता नॅशकडे ये. त्याच्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लोक म्हणाले, काय धाडस! धाडस कसलं, साधा हिशेब आहे. खुनी सतत समोर आहे, मग त्याची हजेरी वाजवायची कशाला? मॅनफ्रेडिनीनं ज्या कारणानं संगीत ठेवलं, अगदी त्याच कारणानं नॅशनं ते काढलं. आदरांजली म्हणतात ती ही. ऐकायला दोघांत काहीही साम्य नाही आणि तरी दुसरा पहिल्याचा सख्खा वारस आहे.

तुझ्या कटमध्ये खुनी दिसतो तेव्हा सिंथ वाजतो. दिसत नाही तेव्हाही वाजतो. मुलगी दात घासते तेव्हाही वाजतो. कारपेंटरनं स्वतः बसवलेली ती पाचच्या ठेक्यातली धून तुला माहीत आहे. बोंगोवर पाच मात्रांचा ठेका त्याला लहानपणी वडिलांनी शिकवला होता. पाचमध्ये पाय नेहमी एक पाऊल पुढे पडल्यासारखा वाटतो, कान चारवर टेकायला जातो आणि टेकू मिळत नाही. तुझी धून चारमध्ये आहे. वाद्य उचललंस, रंग उचललास, आणि जे अस्वस्थ करत होतं तेच मागे ठेवलंस! दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा फ्रेम आवडली म्हणून लावून फिरावं, तसं झालंय हे.

ओरखड्यांबद्दल थोडक्यात. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' 1974 चा, तो 16 मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर चित्रित झाला कारण पैसे नव्हते, आणि मोठा करून दाखवल्यावर ती खरखर आली. ती त्या उन्हाला, त्या घामाला शोभली. (त्याच्या दोन संकलकांपैकी एक सॅली रिचर्डसन, बाई होती. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.) 'हॅलोवीन' मात्र कमी पैशातला असूनही रुंद पडद्यासाठी, स्वच्छ, नेटका चित्रित केलेला आहे. छायालेखक डीन कंडीनं ती रुंदी वापरली ती कडेला माणूस उभा करण्यासाठी. मुलगी मध्ये, आणि डावीकडे कुंपणापाशी कुणीतरी, आहे की नाही असं. तू 'हॅलोवीन'ची मांडणी घेतलीस, त्यावर 'चेन सॉ'ची खरखर ओतलीस, आणि तिच्यात कडेला उभा असलेला माणूसच बुडाला. दोघांचीही कारणं एकमेकांना मारतायत. फिल्टर काढ. यावर वाद घालू नकोस.

तू म्हणशील, पण हुबेहूब करण्यातही काही अर्थ असेल. तो प्रयोग होऊन गेलाय. 1998 मध्ये गस व्हॅन सँटनं हिचकॉकचा 'सायको' जवळजवळ शॉट टू शॉट पुन्हा केला, रंगीत. न्हाणीघराचा प्रसंग तिथेच, तसाच. हिचकॉकच्या मूळ प्रसंगाला 78 कॅमेरा मांडण्या आणि 52 कट लागले होते, पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट. पण 1960 मध्ये तो प्रसंग जिवाला लागला तो कटांच्या संख्येमुळे नाही. पोस्टरवरची नटी, जॅनेट ली, जिचा हात धरून प्रेक्षक इथवर आला, ती पाऊण तासातच मरते आणि पुढे कुणाचा हात धरायचा हे कळत नाही. 1998 मध्ये सगळं जग ती मरणार म्हणून वाट बघत बसलं होतं. शॉट सगळे आले, कारण एकही आलं नाही.

आणि त्याच्या दोनच वर्षं आधी दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि लेखक केव्हिन विल्यमसननं 'स्क्रीम'मध्ये ड्रू बॅरीमोरला पोस्टरवर ठेवून सुरुवातीलाच मारलं होतं. न्हाणीघर नाही, पाऊस पडल्यासारखे कट नाहीत, घरात फोन वाजतोय आणि गॅसवर पॉपकॉर्न फुगतायत. एकही शॉट 'सायको'चा नाही. पण हिचकॉक असता तर त्यानं तोच आपला वारस म्हणून ओळखला असता, असं मला वाटतं. गंमत म्हणजे याच व्हॅन सँटच्या दुसऱ्या, पाठीमागून चालत राहणाऱ्या चित्रपटांचं ऋण नॅश उघडपणे मानतो. म्हणजे नक्कल करणाऱ्याकडूनसुद्धा शिकण्यासारखं असतं, फक्त नक्कल शिकायची नाही.

आता तुझा तो टोमणा. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, म्हणून तुमचा स्वतःचा चित्रपट राहून गेला, असं सगळे म्हणतात." सगळे म्हणतात हे मला ठाऊक आहे, तू लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंस तर ऐक. एका भयपटाच्या संकलनाला मी बसले होते. निर्मात्याला प्रत्येक दार उघडताना एक धडाम् हवं होतं. दारामागे काही असो वा नसो. मी विचारलं, का? तो म्हणाला, "लोक दचकतात." मी म्हटलं, दार उघडून काही नसेल तर दचकवून तुम्ही प्रेक्षकाला सांगताय की आमच्यावर विश्वास ठेवू नका, आणि तो खरंच ठेवणार नाही. तिसऱ्या दारापर्यंत तो कानात बोटं घालून बसेल. त्यानं दुसरा संकलक आणला. चित्रपट चालला, हे लपवणार नाही. बऱ्यापैकी चालला. त्यानंतर मला दोन-तीन कामं कमी मिळाली, आणि माझ्या स्वतःच्या पटकथेसाठी जो पैसा त्या माणसाकडून येऊ शकला असता तो आला नाही.

खंत आहे? आहे. ती पटकथा कपाटात आहे आणि तिचं वय आता तुझ्याएवढं झालंय. पण मी त्या खोलीत परत गेले तरी तेच विचारेन. मला हट्टी म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आज दारं उघडून धडाम् वाजवतायत आणि त्यांना स्वतःलाही कंटाळा आलाय, हे त्यांच्या कटांवरून दिसतं. हे मी स्वतःचं समर्थन करतेय असं तुला वाटेल. करतेय. का करू नये? माझी बाजू माझ्याशिवाय कोण मांडणार? पण मुद्दा सोडू नकोस. कारण विचारलं म्हणून काम थांबतं, हे खोटं आहे. कारपेंटरकडे वीस दिवस होते, तीन-सव्वातीन लाख डॉलर होते, वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात बसून इलिनॉयचा पानगळीचा ऋतू उभा करायचा होता. रंगवलेली पानं पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या गल्लीत न्यायची. मुखवटा दुकानात मिळणारा, स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा. भुवया काढल्या, डोळे मोठे कापले, पांढरा रंग फवारला. एवढ्या घाईतही चेहऱ्यावर भाव नकोत, हे कारण ठरलेलं होतं, म्हणून तो मुखवटा निवडता आला. तुझ्या खुन्याचा पांढरा मुखवटा कुठल्या कारणानं पांढरा आहे? "त्यांचा पांढरा होता" हे उत्तर मी घेणार नाही.

अशा चित्रपटांत शेवटी एकटी जिवंत उरणाऱ्या मुलीबद्दल तू बरंच वाचलंयस, अभ्यासक कॅरल क्लोव्हरचा त्यावरचा 1987 चा निबंधही वाचलास, छान. पण त्यातून नियम काढून बसू नकोस. 'हॅलोवीन'मधली जेमी ली कर्टिसची लॉरी काय करते ते बघ. ती खिडकीतून बघते, कुंपणाकडे बघते, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे बघते. मैत्रिणी बघत नाहीत. बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

आणि इथे तुला सांगायचं होतं ते सांगते, कारण सगळं पत्र ओरडण्यातच चाललंय. तुझ्या कटमध्ये अकराव्या मिनिटाला एक शॉट आहे. तुझी मुलगी दाराला कडी लावते, दोन पावलं जाते, थांबते, परत येते आणि कडी ओढून बघते. मग पुन्हा जाते, आणि या वेळी चालताना तिचा हात भिंतीला घासत राहतो. कॅमेरा जागचा हलत नाही. संगीत तिथेही आहे, पण मी आवाज बंद करून पाहिलं. तो शॉट कुणाचा आहे ते मला सांगता आलं नाही. मी खूप आठवून पाहिलं. तिला भीती आधीपासून आहे, खुन्याच्या आधीपासून, रोजची आहे, हे त्या हातात दिसतं. ते तुला माहीत होतं, नाहीतर तू तो हात तिथे ठेवला नसतास. मग तिच्या त्या रोजच्या भीतीतून तुझा खुनी का आला नाही? तो मुखवट्याच्या दुकानातून का आला?

तर आता असं कर. सुरुवातीचा सव्वा मिनिट काढू नकोस, बाजूला ठेव. चित्रपट कडीपासून सुरू कर आणि बघ काय होतं. मग खुन्याच्या नजरेतला प्रत्येक शॉट घे आणि त्याच्यापुढे एका ओळीत लिही की तो नसता तर प्रेक्षकाला काय चुकीचं कळलं असतं. ओळ लिहिता आली नाही तर शॉट जाईल, कितीही सुंदर असला तरी. माझ्या अंदाजानं दोन वाचतील, कदाचित तीन. मुखवट्याचं उत्तर सापडेपर्यंत मुखवट्याचे शॉट कापू नकोस, नुसते खाली दुसऱ्या ट्रॅकवर टाकून ठेव, नाहीतर रागाच्या भरात चांगलंही फेकशील. ते तुझं नेहमीचं आहे.

आणि मित्रांना आत्ता काही दाखवू नकोस, विशेषतः त्या दुसऱ्याला. चार संदर्भ पेर म्हणणारा माणूस जास्त धोक्याचा, तो तुझं कौतुक करतो म्हणून.

पुढचा कट संगीताशिवाय पाठव, फक्त जागेवरचा आवाज ठेव. सोबत मेल नको, ओळींचा तो कागद पाठव. आणि फाइलच्या नावात 'फायनल' लिहू नकोस, मागच्या वेळी तीन फायनल आले होते.

तुझी,
टेबलावरची म्हातारी